डायनॅमिक पेवॉल घ्यावी, की साधं मीटर पुरे? (महिन्याला काही लाख वाचक असलेल्या प्रकाशनांसाठी)

शाईचा_डाग

पेवॉल म्हणजे वर्गणी भरल्याशिवाय पुढे वाचू न देणारी भिंत. साधं मीटर म्हणजे महिन्याला ठरावीक लेख फुकट, मग सगळ्यांना भिंत. डायनॅमिक पेवॉल म्हणजे वाचकाच्या वागण्यावरून त्याला गुण द्यायचे आणि गुण पाहून भिंत कधी दाखवायची ते सॉफ्टवेअरने ठरवायचं. मध्यम प्रकाशनांनी आत्ता यावर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे. आधी गळती थांबवा.

हिशेब करून बघा. दरमहा ५ टक्के वर्गणीदार गळत असतील, तर १०० पैकी वर्षअखेर ५४ उरतात. त्या ५ मधले समजा दीड टक्का लोक स्वतःहून सोडून गेलेलेच नाहीत, त्यांच्या कार्डातून फक्त पैसे गेले नाहीत. त्यातले निम्मे परत मिळवले तर गळती सव्वाचार टक्क्यांवर येते आणि ५९ उरतात. एकही नवा वाचक न आणता.

यासाठी काय लागतं? पेमेंट नाकारलं गेल्यावर येणारा कारणाचा कोड वाचणं. 'शिल्लक अपुरी' असेल तर लगेच तासाभराने पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही. काही दिवस थांबा आणि पगाराच्या तारखांच्या आसपास करा. 'कार्ड हरवलं' किंवा 'खातं बंद' असेल तर पुन्हा प्रयत्न करूच नका, थेट वाचकाला कळवा. मधल्या काळात १०-१४ दिवस वाचन चालू ठेवा. कार्डाची मुदत संपण्याआधीच ईमेल जायला हवी. अनेक ठिकाणी हे सगळं एकाच ठरीव वेळापत्रकावर चालतं, कोड कुणी बघतच नाही.

भिंतीपुरतं बोलायचं तर महिन्याला ४-५ लेखांचं साधं मीटर पुरे.

आकडेमोड

अडकलेल्या पेमेंटच्या वसुलीचा मुद्दा मान्य. 'साधं मीटर पुरे' हे मात्र अजिबात पटलं नाही. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये महिना २० लेखांवर मीटर लावलं आणि वर्षभराने ते १० वर आणलं. तेव्हा ब्राउझरमधली कुकी (वाचक कोण, किती लेख वाचले हे लक्षात ठेवणारी छोटी नोंद) टिकायची. आता पानावरच्या स्क्रिप्टने (जावास्क्रिप्टने) लिहिलेली कुकी ॲपलची सफारी सात दिवसांपलीकडे ठेवत नाही. म्हणजे आठ-दहा दिवसांनी येणारा वाचक दर वेळी नवाकोरा, आणि तुमचं महिन्याचं मीटर प्रत्यक्षात आठवड्याचं. मीटर चुकवायला उघडलेली खासगी विंडो ओळखायची जुनी युक्तीही २०१९ च्या क्रोम ७६ ने बंद केली.

आणि बहुतेक संकेतस्थळांवर मोठा गठ्ठा महिन्यात एकच लेख वाचून जाणाऱ्यांचा असतो. पाचाचं मीटर त्यांना कधी दिसतच नाही. भिंतीपर्यंत एकूण किती टक्के वाचक पोचतात, हा आकडा आधी काढा. तो अगदी किरकोळ निघाला तर तुमच्याकडे पेवॉल आहे असं म्हणण्यात अर्थ नाही. शेवटची भेट कधी, किती वेळा, किती वाचलं या तीन गोष्टींवरचे साधे गुणसुद्धा सरसकट मीटरपेक्षा बरे.

शाईचा_डाग

@आकडेमोड, मग तीच फुटकी कुकी तुमच्या गुणांचाही पाया आहे ना! तुमचा सगळ्यात निष्ठावान सफारी-वाचक यंत्राला 'पहिल्यांदाच आलेला' दिसणार आणि भिंत दाखवली जाणार दुसऱ्याच कुणाला.

शिवाय फायदा झाला हे सिद्ध कसं करणार? रूपांतरण (वाचकांपैकी वर्गणीदार होणाऱ्यांचं प्रमाण) अर्धा टक्का असेल आणि ते ०.६ वर गेलं का हे तपासायचं असेल, तर नेहमीच्या ९५ टक्के खात्रीला आणि ८० टक्के पॉवरला (फरक खरा असेल तर तो चाचणीत सापडण्याची शक्यता) प्रत्येक गटात सुमारे ८६ हजार वाचक लागतात. भिंतीपर्यंत पोचणारे मोजले तर ही संख्या गाठायला कित्येक महिने जातील.

उंबरठा

तुम्ही दोघंही वाचकाची ओळख गृहीत धरून भांडताय. ती आधी पक्की करा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या लेखाला पैसे न मागता फक्त ईमेल मागा. लॉगिन झालेला वाचक सफारीत असो वा फोन बदलो, तो तोच राहतो.

लॉगिन न केलेल्यांसाठी कुकी स्वतःच्या सर्व्हरवरून, प्रतिसादाच्या हेडरमधून बसवा. इथे एक चूक सर्रास होते: आपल्या सबडोमेनला (संकेतस्थळाच्या उपपत्त्याला) सीनेम, म्हणजे पत्ता दुसरीकडे वळवणारी नोंद, लावून ते व्हेंडरच्या (सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या) सर्व्हरकडे वळवायचं आणि 'आता कुकी आपली झाली' म्हणायचं. सफारी हे ओळखते आणि पुन्हा सातच दिवस देते.

दुसरं, लेखाचा मजकूर ब्राउझरला पाठवून वर पडदा टाकू नका. स्क्रिप्ट बंद केली की सगळा लेख उघडा पडतो. मजकूर सर्व्हरवरच कापा.

आणि गुण द्यायचेच असतील तर न्यूजलेटर 'उघडलं' हा संकेत वगळा. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाने न उघडताही चित्रं (ज्यांवरून उघडल्याची नोंद होते) आधीच ओढून घेऊ शकतं, त्यामुळे उघडण्याचे आकडे फुगलेले असतात. फक्त क्लिक धरा.

आकडेमोड

@उंबरठा, नोंदणी (ईमेल देऊन लॉगिन) आधी हे बरोबर, आणि त्यानंतरच गुणांना अर्थ येतो. पण @शाईचा_डाग, नमुना मोठा लागतो म्हणून मोजणंच सोडायचं का? १० टक्के वाचक यादृच्छिक निवडून कायम जुन्याच मीटरवर ठेवा. भिंत पाहिलेल्यांमधलं रूपांतरण तुलनेला घेऊ नका. भिंत कमी जणांना दाखवली की तो टक्का आपोआप वाढतो, आणि विक्रीच्या सादरीकरणात नेमका तोच दाखवतात. दर हजार वाचकांमागे एकूण उत्पन्न बघा, वर्गणी आणि जाहिरात दोन्ही धरून. त्यातही पहिल्या महिन्याच्या सवलतीत आलेल्यांपैकी ९० दिवसांनंतर पूर्ण दराने टिकले तेवढेच मोजा.

वाचनखूण

संपादकीय बाजूने माझा दोन्हीकडे आक्षेप आहे. ज्या लेखावर भिंत आली त्यालाच वर्गणीचं श्रेय मिळतं, आणि मग 'हा विषय विकतो' म्हणत तसलेच लेख वाढवले जातात. हे वाचकावर आणि लिहिणाऱ्यांवर दोघांवरही अन्याय करणारं आहे. वर्गणी घेण्याआधीच्या ३० दिवसांत त्या वाचकाने काय काय वाचलं ते काढा आणि तितक्याच वेळा येऊनही वर्गणी न घेतलेल्यांशी ताडून बघा. संथपणे विश्वास कमावणारे लेख तिथेच दिसतात.

गूगल ॲनालिटिक्स ४ या वाचकसंख्या मोजायच्या साधनातलं 'एंगेज्ड सेशन' (रस घेतलेली भेट) १० सेकंदांत पूर्ण होतं. त्याला वाचन म्हणू नका. टॅब समोर आहे का, स्क्रोल किंवा स्पर्श होतोय का, हे दर काही सेकंदांनी नोंदवलं तरच वाचनाचा वेळ कळतो. आणि आपत्ती, आरोग्य-इशारे, निवडणूक निकाल हे गुणांच्या बाहेर, कायम उघडे हवेत. हा नियम यंत्राच्या वर असला पाहिजे.

शाईचा_डाग

@आकडेमोड, कायम १० टक्के वेगळे ठेवायची अट करारात लिहून देणारा व्हेंडर मिळाला तर माझा विरोध निम्मा होईल, त्याहून जास्त नाही. सोबत आणखी दोन अटी घाला. कच्च्या नोंदी रोज आपल्या साठ्यात उतरल्या पाहिजेत, नुसता डॅशबोर्ड चालणार नाही. आणि कार्डांचे टोकन (कार्ड क्रमांकाऐवजी साठवलेले कोड) पेमेंट गेटवेकडे (पैसे वळते करणाऱ्या सेवेकडे) आपल्या नावावर हवेत. ते व्हेंडरच्या खात्यात असतील तर सॉफ्टवेअर बदलताना प्रत्येक वर्गणीदाराला कार्ड पुन्हा भरायला सांगावं लागू शकतं, आणि जे भरणार नाहीत ते गेले.

आकडेमोड

टोकनची अट मीही घालेन. पाचाचं मीटर मात्र आजच काढा, नोंदणीची भिंत उभी राहायची वाट बघू नका. दोनावर आणा आणि पोचणाऱ्यांचा टक्का महिनाभर नोंदवा.