चौथीतला मुलगा तोंडी सगळं सांगतो, लिहिताना अडतो. प्रमाणपत्र येईपर्यंत शाळेने काय करायचं?

चौथी_ब, घाटकोपर

आमची मराठी माध्यमाची अनुदानित शाळा आहे, वर्गाचा पट ४२. त्यात नऊ वर्षं पूर्ण झालेला एक मुलगा आहे. परिसर अभ्यासाचे प्रश्न तोंडी विचारले तर अचूक उत्तरं देतो, पाढेही येतात. वाचताना मात्र ‘पर्वत’चं ‘प्रवत’ आणि ‘रस्ता’चं ‘रसता’ होतं. फळ्यावरच्या आठ ओळी उतरवायला अख्खा तास दिला, तरी तीनच होतात. घरी मराठीच बोलतात, हजेरी चांगली आहे. मुख्याध्यापकांचं म्हणणं, अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित अडणं) प्रमाणपत्र आल्याशिवाय काहीच सवलत देता येत नाही. पालक विचारतात, कुठे न्यायचं? शाळेत विशेष शिक्षक नाही. सुरुवात कुठून करू?

विशेष_शिक्षक_कुर्ला

मॅडम, इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतीला प्रमाणपत्र लागतं. वर्गातल्या मदतीला लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम १६ बघा. सरकारी, अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत मुलाची अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी आणि त्यावर शिकवण्याचे योग्य उपाय करावेत, असं त्यात आहे. आधी प्रमाणपत्र आणा, असं त्यात कुठेही नाही. कलमाची प्रत काढून मुख्याध्यापकांना द्या.

सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं उतरत नाही याचं कारण कित्येकदा न लागलेला चष्मा असतो. शिवाय पुढच्या चाचण्यांच्या आधी रुग्णालयातही हेच विचारतात.

त्यानंतर सहा आठवडे नोंदी ठेवा. दर शुक्रवारी, ठरावीक वेळी, तिसरीच्या पातळीचा साधारण शंभर शब्दांचा न वाचलेला उतारा द्या. एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते लिहा. सोबत वीस शब्दांचं श्रुतलेखन घ्या: पाच बिनमात्रांचे, पाच काना-मात्रा-वेलांटीचे, पाच जोडाक्षरांचे, पाच रफार-रकाराचे. किती चुकलं यापेक्षा काय चुकलं हे महत्त्वाचं. घरच्या बोलीत ‘ण’ नसेल तर मूल ‘पाणी’चं ‘पानी’ लिहील. ते ऐकतं तसं लिहितं, ही अक्षमता नव्हे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर वर्गात निम्म्या मुलांच्या असतात. लक्ष द्यायचं ते अक्षरांच्या उलटापालटीकडे, मात्रा गळण्याकडे, घ-ध आणि म-भ यांच्या अदलाबदलीकडे. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हेने लिहिला जात असेल तर त्याची आवर्जून नोंद करा.

‘पर्वत’चं ‘प्रवत’ होण्याचं कारण आपल्या लिपीतच आहे. रफारातला ‘र’ उच्चारात आधी येतो, पण लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. पहिल्या वेलांटीचं उलट: उच्चार व्यंजनानंतर, खूण व्यंजनाच्या आधी. ज्या मुलाला आवाज आणि खूण यांची सांगड घालायला मुळात वेळ लागतो, ते नेमकं इथेच घसरतं. म्हणून एका आठवड्यात एकच प्रकार घ्या. आधी शब्द टाळ्यांवर तोडायचा (पर्-वत), मग प, र्, व, त अशी चार कार्डं क्रमाने मांडायची आणि शेवटी ‘र्’चं कार्ड उचलून ‘व’च्या डोक्यावर ठेवायचं. रफार पक्का झाल्याशिवाय रकार (क्रम, प्रथम) काढू नका. दोन्ही एकदम शिकवले की गोंधळ दुप्पट होतो. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावणं बंद करा, त्याने चुकीचंच वळण पक्कं होतं.

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा तासभर घेऊन फारसं हाती लागत नाही. आणि कळकळीने सांगतो, ही वेळ खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासातून काढू नका. त्या मुलाला वर्गात मान मिळवून देणारे तेच दोन तास असतात.

विशेष शिक्षकाबद्दल: ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण शाळांसाठी प्रमाण घालून दिलं आहे. प्राथमिकला दहा विशेष गरजांच्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यावरच्या वर्गांना पंधरांमागे एक. प्रत्यक्षात एक फिरता शिक्षक अनेक शाळा सांभाळतो. तरीही वॉर्डातल्या शहर साधन केंद्राला समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत विशेष शिक्षकाची भेट मिळावी असं लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. फोनवरच्या विनंतीची कुठे नोंद राहत नाही.

ओटी_परळ

फळ्यावरून उतरवण्याबद्दल थोडं. मान वर, शब्द लक्षात ठेव, मान खाली, वहीतली ओळ शोध, लिही: दर शब्दाला एवढं सगळं करावं लागतं. त्यामुळे मजकूर छापून बाकावरच ठेवा. अक्षर १६ ते १८ पॉइंट, ओळींमध्ये मोकळी जागा, एका पानावर चार-पाच प्रश्न, बस. गणिताला चौकटीची वही द्या, नाहीतर एकक-दशक सरकतात आणि येणारं गणितही चुकतं.

बाक बघायला विसरू नका. पाय लोंबकळत असतील तर मूल तोल सांभाळण्यातच दमतं. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत आणि कोपर बाकाच्या पृष्ठभागाच्या पातळीत आलं पाहिजे. उंची कमी पडली तर पायाखाली लाकडी फळी किंवा बांधलेल्या जुन्या वह्यांचा गठ्ठा चालतो. जागा पुढच्या दोन रांगांत, दारापासून लांब.

पेन्सिल इतकी दाबत असेल की मागच्या पानावर वळ उठतात, किंवा पाच मिनिटांत हात दुखतो म्हणत असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून (हाताची पकड, हालचाली तपासणारे तज्ज्ञ) हात तपासून घ्या. ती अडचण वाचनाच्या अडचणीपेक्षा वेगळी आहे आणि तिचे उपायही वेगळे आहेत.

चाचणी_आणि_कागदपत्रं

घाटकोपरहून शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ पडेल. मुंबई सेंट्रलच्या नायरमध्येही अध्ययन अक्षमतेची तपासणी होते. खासगी केंद्राचा अहवाल शिकवण्यासाठी उपयोगी पडतो, पण एसएससी बोर्डाच्या सवलतीला सरकारी किंवा पालिकेच्या अधिकृत रुग्णालयाचंच प्रमाणपत्र लागतं. पालकांना हे आधीच सांगा, नाहीतर खर्च दोनदा होतो.

एका फेरीत काम होत नाही. बालरोगतज्ज्ञ, डोळे, कान, बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताच्या शैक्षणिक चाचण्या अशा वेगवेगळ्या तारखा मिळतात आणि रांग मोठी असते. सोबत शाळेचं पत्र, मागच्या वर्षांची प्रगतिपुस्तकं, आधार कार्ड आणि चालू वह्या न्याव्यात. शाळेच्या पत्रात ‘अभ्यासात मागे, लक्ष देत नाही’ असं मोघम लिहू नका. ‘मिनिटाला इतके शब्द, या प्रकारच्या चुका, तोंडी उत्तरं बरोबर’ असं लिहा. वरच्या शुक्रवारच्या नोंदी इथेच कामाला येतात.

मुलगा मराठी माध्यमात आहे, तेव्हा मराठीतून चाचणी होईल का हे तारीख घेतानाच विचारा. इंग्रजी उताऱ्यावर अडखळला यावरून काहीच सिद्ध होत नाही. डाली ही भारतीय भाषांसाठी बनवलेली चाचणी मराठीतही आहे. आठ वर्षांच्या आत या अक्षमतेचं प्रमाणपत्र देत नाहीत, तुमचा विद्यार्थी नऊचा आहे, त्यामुळे ती अडचण नाही. पहिल्या प्रमाणपत्रावर दहावीपर्यंत निभावेल असं मात्र धरू नका, मधल्या टप्प्यावर पुन्हा तपासणी होते.

चौथी_ब, घाटकोपर

खूप मदत झाली. कलमाची प्रत दिली, मुख्याध्यापक म्हणाले की लेखी ठरवू. आता घटक चाचणीत काय करायचं? बाकीच्या ४१ मुलांवर अन्याय होतो असं सहकारी म्हणतात.

विशेष_शिक्षक_कुर्ला

विषय कोणता तपासतोय ते आधी ठरवा. परिसर अभ्यासाच्या पेपरात त्या विषयाचं ज्ञान तपासायचं असतं. प्रश्न वाचून दाखवले किंवा उत्तर तोंडी घेतलं तरी ज्ञान तेवढंच राहतं, कोणाचा गुण कमी होत नाही. शुद्धलेखनाचे गुण फक्त मराठीत कापा. मराठीच्या वाचनाच्या प्रश्नात मात्र वाचून दाखवू नका, तिथे वाचनच तपासायचं असतं. त्याला वेळ वाढवून द्या.

वाढीव वेळ बोर्डाच्याच हिशेबाने ठेवा: तासाला २० मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं. लेखनिक (मूल सांगेल ते लिहून देणारा) आत्ताच देऊ नका, नऊ वर्षांच्या मुलाचं लिहिणंच सुटेल. पुढे गरज पडली तर आठवीपासून सराव सुरू करा, कारण वाक्य मनात जुळवून टप्प्याटप्प्याने सांगणं हे वेगळं कौशल्य आहे. सराव नसेल तर लेखनिक असूनही पेपर अपुरा राहतो. द्याल तेव्हा वेगळ्या खोलीत बसवा.

एक पानी आराखडा करून पालकांची सही घ्या. उद्दिष्ट मोजता येईल असं हवं: ‘वाचन सुधारेल’ नको, ‘सहा आठवड्यांत रफाराच्या वीस शब्दांपैकी सोळा बरोबर वाचेल’ असं. उत्तरपत्रिकेवर दर वेळी कोणती मदत दिली ते लिहा, ‘प्रश्न वाचून दाखवले, वाढीव २० मिनिटं’, आणि खाली सही करा. बोर्डाकडे प्रस्ताव जाईल तेव्हा मुलाला ही मदत आधीपासून लागत होती हे यावरूनच दिसेल. आणि त्याच्या या वर्षाच्या वह्या एप्रिलमध्ये रद्दीत जाऊ देऊ नका, रुग्णालयात त्याच मागतात.