तोंडावर मारण्याच्या क्रीम पायसाठी कोकणातल्या उकाड्यात कोणते क्रीम टिकते?

पडवीतून (प्रश्न)

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की वाडीतली आणि पाहुण्यांची मिळून १८ मुले आमच्या अंगणात जमतात. यंदा त्यांनी क्रीम पाय एकमेकांच्या तोंडावर थापण्याचा खेळ ठरवला आहे. ("तोंडावर पाय मारायचा" हे शब्द कानी पडल्यावर सासूबाईंनी आधी सर्वांना रागे भरून घेतले, पाय म्हणजे कवचात सारण किंवा क्रीम भरलेला एक विलायती खाद्यपदार्थ असतो, हे त्यांना अजून पुरते पटलेले नाही.)

मी दोन वेळा करून पाहिले आणि दोन्ही वेळा फसले. पहिल्यांदा चार दिवसांची साय रवीने घुसळली, तर तिचे सरळ लोणी झाले. ते कढवून तूप केले, एवढाच फायदा. दुसऱ्यांदा दुकानातून २५ टक्के स्निग्धांश असलेले फ्रेश क्रीम आणून अर्धा तास फेटले, तरी ते ताकासारखे पातळच राहिले. तेव्हा कोणते क्रीम घ्यावे, किती घ्यावे, ताटली कसली असावी, आणि हा खेळ समुद्रावर नेला तर चालेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

भट्टीवाला

ताई, मी चिपळूणजवळ बरीच वर्षे बेकरी चालवली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपले दोन्ही प्रयोग फसण्याची कारणे वेगवेगळी आहेत. क्रीम फुगते म्हणजे त्यात हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्या बुडबुड्यांभोवती स्निग्धाचे अर्धवट घट्ट कण साखळी धरून उभे राहतात. हे कण थंड असतील तरच साखळी टिकते. ते कोमट झाले की एकमेकांत मिसळून त्यांचा गोळा होतो आणि हवा निघून जाते. आपण रवीने लोणी काढताना मुद्दाम हेच करतो, म्हणून तुमच्या सायीने तिचा धर्म पाळला, इतकेच. फ्रेश क्रीमची गोष्ट निराळी आहे. फुगण्यासाठी किमान ३० टक्के स्निग्धांश लागतो आणि ३५ टक्के असला तर काम सोपे होते; २५ टक्क्यांत साखळी धरण्यापुरते कणच नसतात, मग हात कितीही दुखवले तरी उपयोग नाही.

दुधाचे ३५ टक्क्यांचे क्रीम मिळाले तरी आपल्याकडे मी ते सुचवणार नाही. ते महाग असते, फुगून जेमतेम दुप्पट होते आणि मे महिन्याच्या दुपारी अंगणात काही मिनिटांतच पाणी सोडू लागते. केकवाले वापरतात ते वनस्पती तेलाचे व्हिप क्रीम घ्यावे. ते गोठवलेले मिळते, साखर त्यात आधीच असते आणि फेटल्यावर साधारण साडेतीन पट होते. त्यातले तेल हायड्रोजनेशन करून (म्हणजे प्रक्रियेने घट्ट करून) घेतलेले असल्यामुळे ते लोण्यापेक्षा उकाडा अधिक सोसते. खाण्याच्या दृष्टीने मला ते फारसे आवडत नाही, जिभेवर मेणासारखे राहते. पण तोंडावर मारायच्या पायला चवीपेक्षा हलकेपणा महत्त्वाचा असतो आणि तो याच्याइतका दुसऱ्या कशात नाही.

आदल्या रात्री ते फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावे. सकाळी त्यात बर्फाचे थोडे कण शिल्लक असतानाच, भांडे बर्फाच्या परातीत ठेवून विजेच्या बीटरने मध्यम वेगावर फेटावे. केकसाठी आपण ते ताठ उभे राहीपर्यंत फेटतो, इथे मात्र त्याच्या बरेच आधी थांबावे. बीटर उचलल्यावर टोक उभे राहून किंचित वाकले पाहिजे. ताठ क्रीम चेहऱ्यावरून ढेकळासारखे एकसंध गळून पडते, मऊ क्रीम चिकटून पसरते. आणि मुलांना तेच हवे असते.

हिशेब असा. सहा इंची ताटलीवर बऱ्यापैकी ढीग करायला सुमारे ४०० मिलिलिटर फेस लागतो, म्हणजे एक लिटर क्रीममध्ये आठ-नऊ ताटल्या होतील. वीज सकाळी आहे तोवर फेटून घ्या आणि भरलेल्या ताटल्या खेळ सुरू होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा.

नारळाची वाडी

इतक्या उपद्व्यापापेक्षा घरच्या नारळाचे घट्ट दूध फ्रीजमध्ये ठेवून वरचा थर फेटला तर? परदेशातल्या पाककृतींत हे सर्रास दिसते.

भट्टीवाला

फ्रीजच्या थंडीत ते छान फुगते, हे खरे. परंतु खोबरेल साधारण २४ अंशांना वितळते आणि मे महिन्यात आपल्या पडवीतसुद्धा ३२-३३ अंश असतात. थंडीत थिजलेली खोबरेलची बाटली आठवा आणि मेमधली आठवा, म्हणजे त्या पायचे काय होईल ते कळेल.

माजघर

सगळ्या ताटल्या केवळ क्रीमने भरण्याची गरज नाही. आम्ही खालचा बोटभर थर कॉर्नफ्लोअरच्या लापशीचा करतो. एक लिटर पाण्यात ८० ते ९० ग्रॅम कॉर्नफ्लोअर गुठळी न होऊ देता शिजवावे आणि पूर्ण गार झाल्यावर घोटून मऊ करावे. ती कोमट राहिली तर वरचे क्रीम बसते, एवढे लक्षात ठेवावे. कच्चे पीठ पाण्यात कालवून मात्र वापरू नये, कारण ते मुलांच्या तोंडात जातेच आणि कच्च्या पिठातून पोट बिघडू शकते. अंड्याचा कच्चा पांढरा बलकही याच कारणासाठी टाळावा.

रंग हवा असेल तर बिटाच्या रसाचे चार थेंब पुरतात. आगळ (कोकमाचा घट्ट रस) घालण्याचा मोह कोणाला झाला तर आवरावा, ते डोळ्यांत फार झोंबते.

खाडीपलीकडे

ताटलीविषयी आणि समुद्राविषयी लिहितो.

पायचे खरे कवच भाजल्यावर कडक होते, ते खेळात नकोच. आपल्या पत्रावळीला टोचलेल्या काड्या असतात आणि पोफळीच्या विरीच्या (सुपारीच्या झावळीच्या आवरणाच्या) ताटलीची कड कठीण असते, त्यामुळे जेवणावळीला उत्तम असलेल्या या दोन्ही वस्तू चेहऱ्याजवळ नेऊ नयेत. थर्माकोलच्या ताटल्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पातळ, लवचीक कागदी ताटली घ्यावी, किंवा मऊ घावन तळहातावर घेऊन त्यावरच क्रीम रचावे; घावनाला कडच नसते. ताटली लांबून फेकू देऊ नका. हाताने हलकेच दाबली की क्रीम नाकात आणि डोळ्यांत कमी जाते. क्रीमऐवजी दाढीचा फेस वापरावा, असे कोणी सुचवील, पण त्यात साबण असतो आणि डोळे चुरचुरतात. कोणाला दुधाची किंवा इतर कशाची ॲलर्जी आहे का, हे पालकांना आधी विचारावे. वनस्पती क्रीममध्येही काही वेळा दुधाचे घटक असतात, म्हणून पाकिटावरची यादी वाचावी.

समुद्रावर मात्र नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि पिल्ले बाहेर पडण्याचे दिवस मे महिन्यापर्यंत चालतात. वाळूत सांडलेल्या गोड क्रीमने कुत्रे आणि कावळे जमतील आणि पिल्लांचे हेच तर वैरी. शिवाय क्रीममध्ये वाळू मिसळली की ते चेहऱ्यावर काचपेपरासारखे घासते.

माजघर

आणखी एक राहिले. खेळाआधी मुलांच्या केसांना आणि भुवयांना खोबरेल चोपडावे, म्हणजे क्रीम केसांत धरत नाही. नंतर आधी कोरड्या फडक्याने पुसून मग बेसन लावून धुवावे. थेट विहिरीच्या गार पाण्याखाली उभे केले तर स्निग्ध भाग नुसता पसरत बसतो.

पडवीतून

सर्वांचे आभार. काल खेळ पार पडला. लापशीचा थर दिल्यामुळे दोन लिटर क्रीममध्ये २७ ताटल्या झाल्या आणि सहा घावन वेगळे केले होते. अंगण सारवलेले असल्याने ताडपत्री अंथरली, परंतु त्यावर क्रीम सांडताच ती इतकी निसरडी झाली की दोघे आपटले. पुढच्या वेळी खाली जुनी गोणपाटे घालणार आहे. साडेपाचला ऊन उतरल्यावर सुरुवात केली, तरी शेवटच्या ताटल्या बऱ्याच बसल्या होत्या, म्हणून आम्ही त्या चार-चार करूनच फ्रीजमधून आणायला हव्या होत्या असे वाटते. तांबड्या मुंग्या दहा मिनिटांत हजर झाल्या. घावनांपैकी दोनच तोंडावर गेले, बाकीचे चार मुलांनी क्रीमसकट खाल्ले.

अर्धे भांडे फेटलेले क्रीम उरले आहे. ते परत गोठवून ठेवू का?

भट्टीवाला

गोठवू नका, पुन्हा वितळल्यावर ते रवाळ होऊन पाणी सोडेल. झाकण लावून फ्रीजमध्ये ठेवलेत तर दोन-तीन दिवस चांगले राहील. हापूसच्या फोडींबरोबर वाढा, सासूबाईंनाही द्या.