अळंबी ओळखणारेच ग्रुप सोडून गेले, आता काय करायचं?

सत्तरीकार: आमचा ग्रुप गोव्यातल्या रानभाज्या नि अळंबी ओळखायचा, सभासद भरपूर पण काम करणारी माणसं पाच-सहाच, त्यातले वाळपईचे एक काका फोटो बघून लगेच सांगायचे, ही रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, खुशाल खा, ही दुसरीच, हात लावू नको. मागच्या वर्षी आमचा ग्रुप ज्या साइटवर आहे तिने ही मंडळी वापरायची ते फुकट अ‍ॅप बंद पाडलं, आणि तक्रारीला उत्तर काय तर 'आपला अभिप्राय मोलाचा आहे'. काका गेले, मग बाकीचे. सभासद मात्र वाढलेत! परवा एकाने खालून हिरवट दिसणाऱ्या छत्रीचा फोटो टाकला नि चौदा जणांनी लिहिलं 'शागोती कर'. मी घाबरून पोस्टच उडवली.

फोंड्याचो भुरगो: बरं केलंस रे, हिरव्या पापुद्र्यांची ती जात खाल्ली तर उलट्यांनी माणूस आडवा होतो. २०२३ मध्ये रेडिटवर, म्हणजे गप्पांच्या ग्रुपांची ती मोठी साइट, असंच झालं. बाहेरच्या अ‍ॅप्सना डेटासाठी इतके पैसे लावले की रेडिट वाचायचं अपोलो हे अ‍ॅप बनवणाऱ्याचा हिशोब वर्षाला साधारण २ कोटी डॉलर निघाला, त्याने ३० जूनला अ‍ॅप बंद केलं. हजारो ग्रुपांनी निषेध म्हणून १२ जूनपासून दारं लावली, तर ग्रुप सांभाळत फुकट राबणाऱ्या मॉडरेटरांनाच बदलायची धमकी.

जुनं खोड: आणि पुढे काय झालं? मार्च २०२४ मध्ये रेडिट कंपनी शेअर बाजारात आली. त्यांचं काही अडलं नाही रे. २०१० मध्ये डिग नावाच्या तशाच एका साइटने आपलं रूप पार बदललं तेव्हा वैतागलेले लोक रेडिटवरच पळाले होते, कारण तेव्हा जायला तयार जागा होती. तुमच्या काकांना कुठे जागा आहे?

डिचोलीची सून: वॉट्सॅपवर नका नेऊ हां. आमच्या भजनी मंडळाने नेलं, आता जुनी चाल शोधायची तर चारशे 'शुभ सकाळ' उपसावे लागतात. काकांची जुनी उत्तरं आधी उतरवून घ्या, साइटने उद्या तीही पैशांत टाकली तर?

सत्तरीकार: आज बसून दोनशेएक उतरवली. काकांना फोनही केला. साइटवर परत येणार नाही म्हणाले, पण पाऊस पडला की फोटो पाठव, मुळासकट काढ, आणि रात्री आठनंतर, आधी गुरं बघायची असतात.