मुलं, कचरा आणि आपण: काय जमलं, काय फसलं?

आमच्या लेकीला (वय 7) 'रिड्यूस, रियूज, रिसायकल' तोंडपाठ आहे. पाढे पाठ असतात तसं. परवा तिने अर्धी भरलेली पाण्याची बाटली बेसिनमध्ये ओतली आणि रिकामी बाटली मोठ्या ऐटीत सुक्या कचऱ्यात टाकली. पाणी का ओतलंस, असं विचारलं तर म्हणाली, "मग ती रिसायकल कशी होणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर चूक आमचीच. डबे आणले, रंगीत चिठ्ठ्या लावल्या, कुठलं काय कुठे ते शिकवलं. पण वस्तू मुळात घरात आलीच नाही तर बरं, हे तिला कधी सांगितलंच नाही. त्यात मराठीत रियूज आणि रिसायकल या दोन्हींना आपण सरसकट 'पुनर्वापर' म्हणतो. धुतलेल्या बरणीत बटणं ठेवणं आणि बरणी वितळवून नवी करणं यात केवढा फरक! पण शब्द एकच, मग मुलांनी तो फरक ओळखावा कसा?

तुमच्या घरी काय झालं ते सांगा. नुसते सल्ले नकोत, घडलेलं हवं. फसलेलं असेल तर आधी तेच सांगा.

*

फसलेलंच सांगतो. जुळी मुलं आहेत, तेव्हा सहा वर्षांची होती. वस्तू बरोबर डब्यात टाकली की तक्त्यावर एक चांदणी, अशी मी योजना काढली. चार दिवसांत चांदण्यांचा पाऊस! मला वाटलं, काय गुणी मुलं. मग चित्रकलेच्या वहीची निम्मी पानं गायब असल्याचं बायकोच्या लक्षात आलं. साहेब कोरे कागद फाडून कागदाच्या डब्यात टाकत होते.

तक्ता काढून टाकला. त्याऐवजी डब्यात पिशवी लावली की त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहायची आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजायचं, एवढंच ठेवलं. सुरुवातीला तीन दिवस लागत, दोनेक महिन्यांनी पाच. बक्षीस काही नाही. आता "बाबा, हे कशाला आणलंत, पिशवी भरेल ना!" असं मलाच ऐकावं लागतं. डबा सावकाश भरणं म्हणजे जिंकणं, हे त्यांना भाषणाशिवाय कळलं.

*

आमचा उद्योग खताच्या बादलीचा. मुलगा 9 वर्षांचा. पहिल्या पंधरवड्यात अशी दुर्गंधी सुटली की शेजारच्यांनी दार वाजवलं. आम्ही नुसती सालं आणि उरलंसुरलं टाकत होतो, वर झाकण गच्च. हवा नाही, पाणी जास्त, म्हणजे ते कुजणं नव्हे, सडणं. मग वाळका पाला आणि फाडलेले पुठ्ठे घालायला लागलो: ओल्याच्या एका वाट्याला कोरड्याचे दोन-तीन वाटे, आणि दर दोन दिवसांनी ढवळायचं. आठवड्यात वास गेला.

मग अळ्या आल्या. मी किंचाळले, पोरगा खूश. त्याने त्यांना एकेक नाव दिलं, त्या किती खातात ते बघत बसला. पुस्तकात त्याने वाचलं होतं की खताचा ढीग 55 ते 65 अंशांपर्यंत तापतो. आमची बादली मात्र जेमतेम कोमट! फार हिरमुसला. ढीग साधारण एक घनमीटरचा असेल तरच उष्णता आत टिकते, छोट्या बादलीतून ती निसटून जाते, हे आम्ही दोघांनी मिळून शोधलं.

पण खरी शिकवण तीन महिन्यांनी मिळाली. खत चाळताना फळांवरचे छोटे स्टिकर जसेच्या तसे निघाले. बाकी सगळ्याची माती झाली आणि हे चकचकीत! त्याने ते धुऊन वहीत चिकटवले, एकूण 27. शिवाय 'निसर्गात विरघळणारा' असं लिहिलेला एक चमचा आम्ही मुद्दाम पुरला होता, तोही तस्साच. तसल्या बऱ्याच चमच्यांना खताच्या मोठ्या कारखान्यातली साठ अंशांच्या आसपासची ऊब लागते, घरच्या बादलीत त्यांचं काही होत नाही. तेव्हापासून पाकिटावर काहीही हिरवं छापलेलं दिसलं की पठ्ठ्या म्हणतो, "पुरून बघू."

*

वरचा स्टिकरचा किस्सा वाचून हसले. माझी मुलगी (11) प्लॅस्टिकच्या तळाचे त्रिकोण शोधते. तिची ठाम समजूत होती की त्रिकोण आहे म्हणजे रिसायकल होणारच. बाणांचं मूळ चिन्ह 1970 मध्ये एका विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी काढलं होतं. प्लॅस्टिकवरचे 1 ते 7 आकडे 1988 पासूनचे, आणि ते फक्त प्लॅस्टिकची जात सांगतात: 1 म्हणजे पेट, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, असं. तुमच्याकडचे सुका कचरा नेणारे ते घेतात का, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. मग तिने आमच्याकडच्यांना स्वतः फोन करून विचारलं, काय घेता, काय नाही. निम्म्या वस्तू बाद! खरेदीच्या गुळगुळीत पावत्यासुद्धा कागदात चालत नाहीत. त्यावर रसायनाचा थर असतो. त्या दिवशी ती चिडली होती, आणि मला ते चिडणं आवडलं.

*

मी आजी आहे. मला कुणी पुनर्वापर शिकवू नये असं माझं मत होतं. आमच्या पिढीने दोरा, कागद, डबा काही टाकलं नाही. नातवाने सुट्टीत माझं कपाट आवरायला काढलं आणि झाकणं वेगळी, डबे वेगळे मांडले. झाकणं 43, त्यांना बसणारे डबे 16. मला म्हणतो, "आजी, हा पुनर्वापर नाही, हा साठा आहे. कचरा नुसता कपाटात ठेवलाय."

राग आला. रात्री झोपताना पटलं. आता ठरवलंय की ठेवलेल्या वस्तूला महिन्याभरात काम मिळालं नाही तर तिला निरोप द्यायचा. सुतळी मात्र मी ठेवणार. त्यावर चर्चा नाही.

*

कापडी पिशव्यांबद्दल थोडक्यात. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2011 च्या अहवालात असा हिशेब आहे: एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरचा भार कमी व्हायचा तर सुती पिशवी 131 वेळा वापरली गेली पाहिजे. हे मी मुलाला (10) मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्याने घरातल्या पिशव्या मोजल्या: 19. आठवड्यातून दोनदा एकेक पिशवी नेली तर सगळ्यांचा हिशेब फिटायला जवळपास 24 वर्षं. "तेव्हा मी 34 वर्षांचा असेन," म्हणाला. पर्यावरणाच्या प्रेमापोटी पिशव्या जमवणारी मी, गप्प बसले.

*

शाळेत 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धा. सूचना: एकसारख्या दहा बाटल्या आणाव्यात. एकसारख्या दहा रिकाम्या बाटल्या कुणाच्या घरात असतात हो? पालकांनी भरलेल्या विकत घेतल्या. वर चमकी, गरम डिंक, रंग. प्रदर्शन संपल्यावर तो ढिगारा कुठल्याच डब्यात चालेना. पुढच्या वर्षी लेकीने रफू केलेला मोजा नेला. नंबर आला नाही. मोजा अजून पायात आहे.

*

थोडं वेगळं लिहितोय. आमचा मुलगा आठ वर्षांचा, हळवा. आम्ही त्याला कासवांच्या, समुद्रातल्या कचऱ्याच्या चित्रफिती दाखवल्या, हेतू चांगलाच होता. मग तो रात्री उठून डबा तपासायला लागला. एकदा मित्राच्या वाढदिवसाला फुगे बघून रडला आणि जेवलाच नाही. तेव्हा जाणवलं, जगाचं ओझं आपण याच्या डोक्यावर ठेवलंय.

चित्रफिती बंद केल्या. त्याला एकच काम दिलं: फ्रिजमधला एक कप्पा. आधी संपवायच्या वस्तू त्यात तो पुढे आणून ठेवतो. काम रोजचं, पाच मिनिटांचं, आणि संपणारं. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 साली जगात 105 कोटी टन अन्न वाया गेलं, त्यातलं सुमारे 60 टक्के घरांमधून. म्हणजे काम किरकोळ नाही. पण हा आकडा मी त्याला सांगितलेला नाही, आणि एवढ्यात सांगणारही नाही.

*

मुलगा 15. वरचं सगळं करून पाहिलं, काहीही चाललं नाही. हेडफोनची तुटलेली वायर मात्र त्याने स्वतः डाग देऊन जोडली, कारण नवा मिळणार नव्हता. फोनची फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकायला निघाला होता, तेव्हा मी ओरडलो: चेपली गेली तर कचऱ्याच्या गाडीत आग लागते. "आधी सांगायचंत ना," म्हणाला आणि ई-कचऱ्याच्या केंद्रावर स्वतः देऊन आला. यापलीकडे प्रगती नाही.

*

मी सुरुवात केली होती, म्हणून पुढचं सांगते. तारखेची युक्ती उचलली. लेक आता बाटलीतलं पाणी पिऊन संपवते, नाहीतर कुंडीत घालते. आमची पिशवी पहिल्यांदाच सहा दिवस टिकली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काल दादाची खोली झाडताना कळलं, तिच्या पेन्सिलींचा भुगा, खाऊची पाकिटं, सगळं त्याच्या डब्यात जातंय.