थेरपिस्टने सेशनमध्ये अचानक प्रार्थना सुरू केली, हे चालतं का?

निशिगंध:
जरा लांबलचक आहे, सॉरी. सात महिन्यांपूर्वी बाबा गेले. त्यानंतर मला रात्री धडधडून जाग यायची, छातीवर दाब यायचा, टेस्ट सगळ्या नॉर्मल आल्या म्हणून डॉक्टरांनी थेरपी सुचवली. थेरपिस्ट मॅडम खरंच चांगल्या आहेत. चार सेशनमध्ये झोप बरीच सुधारली, श्वासाचे व्यायाम, रात्रीचे विचार लिहून काढणं, सगळं त्यांनीच शिकवलं.

पाचव्या सेशनला मी पहिल्यांदा सांगितलं की शेवटच्या रात्री मी हॉस्पिटलमध्ये थांबले नाही, घरी झोपायला गेले, आणि बोलता बोलता रडायलाच लागले. त्यांनी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "तू देवावरचा भरवसा सोडलायस ना, म्हणून हे ओझं तुला एकटीला उचलावं लागतंय." मग म्हणाल्या चल, बाबांसाठी प्रार्थना करू, आणि डोळे मिटून मोठ्याने सुरूही केली. मी नास्तिक आहे, पहिल्या दिवशीच्या फॉर्ममध्ये तसं लिहिलंय पण. तरी मी हात जोडले, कारण समोरचं माणूस डोळे मिटून बसलंय आणि आपण नुसतं बघत राहायचं हे मला जमेना. दोन-तीन मिनिटं मी माझ्या नखांकडे बघत होते आणि रडू एकदम थांबलं होतं.

घरी आल्यावर भयंकर राग आला, आणि मग राग आला म्हणून अपराधी वाटलं, कारण त्यांचा हेतू वाईट नव्हता हे मला कळतं. पुढचं सेशन गुरुवारी आहे. मी उगाच ताणतेय का? दुसरं कोणी शोधायचं तर ती रात्र परत पहिल्यापासून सांगायची माझ्यात ताकद नाहीये.

पाणवठा:
उगाच ताणत नाहीयेस. मी स्वतः काउन्सेलर आहे आणि देव मानणारी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थेरपिस्टला श्रद्धा असणं यात काही चूक नाही. पण ती खोलीत कोणाच्या सांगण्यावरून येते, हे फार महत्त्वाचं. अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनच्या २०१४ च्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की काउन्सेलरने स्वतःची मूल्यं आणि श्रद्धा क्लायंटवर लादायच्या नाहीत. आणि लादणं म्हणजे जबरदस्तीच असते असं नाही गं. रडणारं माणूस त्या क्षणी नाही म्हणूच शकत नाही, म्हणून आधी विचारायचं, आणि असं विचारायचं की नाही म्हणणं सोपं जावं.

धर्म थेरपीत कधीच येऊ नये असंही माझं म्हणणं नाही. डिप्रेशन असलेल्या धार्मिक लोकांवर रेबेका प्रॉप्स्ट आणि सहकाऱ्यांचा १९९२ चा अभ्यास आहे, त्यात कॉग्निटिव्ह थेरपी (त्रास देणारे विचार ओळखून बदलायला शिकवणारी पद्धत) त्या लोकांच्या श्रद्धेच्या भाषेत दिली होती आणि तिचा उपयोग झाला. आणि ही धार्मिक पद्धत वापरताना धार्मिक नसलेल्या थेरपिस्टांचे रिझल्ट सगळ्यात चांगले आले! म्हणजे थेरपिस्टने स्वतः भक्त असायची काही गरज नव्हती, भाषा क्लायंटची होती एवढंच.

मला सगळ्यात खटकलं ते वेगळंच आहे. रडू थांबलं म्हणतेस, ते हलकं वाटून थांबलं नाही, तू त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सांभाळायला लागलीस. सात महिने अडकलेली गोष्ट नुकती बाहेर येत होती, तिथेच थांबून विचारायला हवं होतं. त्या रात्री काय झालं, बाबा शुद्धीत होते का, घरी जा असं तुला कोणी सांगितलं. त्याऐवजी कारण आयतं हातात दिलं, आणि तेही दोष तुझाच आहे असं.

कडेलोट:
गुरुवारी जाऊच नका. आज प्रार्थना, उद्या म्हणतील आमच्या सत्संगाला या. सरळ तक्रार करा आणि मोकळ्या व्हा.

उंबरठा:
माझं बरोब्बर उलटं झालंय म्हणून लिहितोय. मी रोज प्रार्थना करणारा माणूस. माझ्या आधीच्या थेरपिस्टने सांगितलं की हा तुमचा सवयीचा आधार आहे, आठवडाभर बंद करून बघा. मी बंद केली पण! आणि तो आठवडा मला अजून आठवतो. अल्बर्ट एलिससारख्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाने १९८० मध्ये कट्टर धार्मिकता आणि भावनिक अस्वस्थता यांचं नातं जोडलं होतं, नंतर त्यांनीच ते मत बरंच सौम्य केलं. पण ती जुनी नजर काही जणांची गेलेली नाही.

मला मनातून वाटत होतं की देव मला शिक्षा देतोय. केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी यावर खूप काम केलंय, अशा भावनेसोबत त्रास जास्त दिसतो, म्हणून ती बोलता आली पाहिजे. मला तिथे बोलताच आली नाही. आत्ताच्या थेरपिस्टने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या आयुष्यात श्रद्धेला जागा आहे का, आणि इथे त्यावर बोलायला आवडेल का?" ते स्वतः काय मानतात मला आजही माहीत नाही, आणि त्याने माझं काही अडलेलं नाही.

पाणवठा:
@कडेलोट, सत्संगाला बोलावलं, किंवा श्रद्धा ठेवलीस तरच बरं वाटेल अशी अट घातली, तर मीही म्हणेन त्याच दिवशी उठून ये. पण एकदाच झालंय आणि बाकी काम चांगलं चाललंय तर आधी सांगून बघायला हरकत नाही. निशिगंध, तोंडावर बोलणं जड जात असेल तर मेसेज कर, आणि काय बोलणं झालं ते तारखेसकट लिहून ठेव, पुढे लागलं तर असावं. सांगितल्यावर त्या स्वतःची बाजू मांडत बसल्या, किंवा तुझ्या रागाचं कारण परत तुझ्या नास्तिकपणातच शोधायला लागल्या, तर दुसऱ्या कोणाकडे पाठवा म्हणून सांग. रेफर करणं त्यांचं कामच आहे. आणि तू म्हणालीस तर नव्या थेरपिस्टला थोडक्यात माहिती देऊ शकतात, सगळं तुला पहिल्यापासून सांगावं लागेल असं नाही.

निशिगंध:
सगळ्यांना थँक्यू, दोनदा वाचलं सगळं. काल रात्री मेसेज केला: "मॅम, मागच्या वेळची प्रार्थना मला नको होती, पण मी बोलू शकले नाही. भरवसा सोडलास हे वाक्य फार लागलं. मला त्या रात्रीबद्दलच बोलायचंय."

सकाळी उत्तर आलं, "तू फॉर्ममध्ये लिहिलं होतंस, मी आत्ता परत बघितलं. मी आधी विचारायला हवं होतं. गुरुवारी तिथूनच सुरू करू." वाक्याबद्दल काही म्हणाल्या नाहीत. जाणार आहे, पण ते वाक्य मी परत काढणार आहे.

पाणवठाताई, तुम्ही लिहिलंत ना, घरी जा असं कोणी सांगितलं. बाबांनीच सांगितलं होतं. मास्क बाजूला करून म्हणाले, जा, झोप जरा. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, मॅडमना पण नाही.