पेटीवाचून सूर
"पेटी नाही, तबला नाही, मग सुराला धरणार कोण?" असं वाद्यांशिवायच्या समूहगाण्याबद्दल कुणी विचारलंय. गाणारेच एकमेकांना धरतात, बाब! साथीला वाद्य न घेता गाणारा इंग्लंडचा किंग्ज सिंगर्स हा गटच घ्या. १९६८ पासून गायक बदलत गेले, पण सहा जणांची मांडणी तीच: दोन काउंटरटेनर, एक टेनर, दोन बॅरिटोन, एक बास (पुरुषांचे सर्वांत उंच ते सर्वांत खालचे आवाज, या क्रमाने).

खरी गंमत गंधारात आहे. पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (१०० सेंट म्हणजे पेटीवरच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर). वाद्य नसलं की हे गायक तो किंचित उतरवून लावतात आणि सगळा मेळ घट्ट बसतो. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून (खालच्या सा च्या तारेतून) स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो ना, तोच हा. आमच्या फोंड्याकडच्या गाणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको.

धोका एकच. लांबलचक रचनेत सगळे मिळून हळूहळू खाली घसरतात आणि त्यांचं त्यांनाच कळत नाही.

आणि असं गाणं जुन्या गोव्यातल्या मोंतच्या कपेलात (टेकडीवरच्या छोट्या चर्चमध्ये) ऐकावं, मोठ्या सभागृहात नव्हे. तिथेही कुणी माइक लावले तर मी सरळ उठून येईन.