एकट्याने डोंगरात गेलात, तर कुठून माघारी फिरलात?

गेल्या रविवारी मी साताऱ्याजवळच्या कास पठारावर एकटी गेले होते आणि कुमुदिनी तळ्यापर्यंत न पोचताच परत आले. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मग गेलीस कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मला अजून सुचलेलं नाही, म्हणून हा धागा.

माथ्यावरचे फोटो सगळेच टाकतात. मला ऐकायचंय ते वेगळं. एकटे गेलात, एका दिवसात जाऊन यायचं होतं आणि कुठल्या वळणावर पाय मागे वळले? पोचला असाल तरी लिहा, पण मग परत फिरावं असं मनात कधी आलं तेही लिहा. तळं, धरण, पठार, गड, काहीही चालेल. तीस जणांच्या बसमधून जाऊन "आत्मशोध" करून आलेल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

माझं आधी सांगते. फाटकापाशी नेहमीची जत्रा होती, पण राजमार्गाला लागून दहा मिनिटं चाललं की माणसं संपतात. ही साताऱ्याहून महाबळेश्वराकडे जाणारी जुनी वाट. दोन्ही बाजूंना तेरडा, सोनकी, मधेच कवल्याचा पिवळा पट्टा. कातळातल्या ओलीवर सीतेची आसवं होती, निळीजांभळी, नखाएवढी. ही झाडं किडे खातात. जांभ्यावर माती चार बोटंसुद्धा नसते, त्यात कस नाही, मग मुळांसारख्या धाग्यांवर बारीक फुगे ठेवून पाण्यातले जीव ओढून घेतात. एवढं नाजूक फूल आणि धंदे असे. ते नीट बघायला मी वाट सोडून वीसेक पावलं आत गेले (जायला नको होतं, माहीत आहे) आणि उकिडवी बसले. उठले तर कोयनेच्या बाजूनं धुकं आलेलं. स्वतःचे बूट दिसत होते, त्यापुढे पांढरं.

गवतावर पायवाट उमटते, कातळावर काहीच उमटत नाही. वाट उजवीकडे आहे याची मला खात्री होती. तरी एका दगडावर बसून राहिले, कारण वडील सांगायचे, धुक्यात चालणारा हरवतो, बसलेला सापडतो. वीस मिनिटं कुठल्यातरी म्हशीच्या गळ्यातली घंटा ऐकत बसले. धुकं विरळ झालं तेव्हा वाट दिसली. डावीकडे होती, तीस पावलांवर. मुकाट्यानं मागे फिरले. तळं तिथून दहा मिनिटांवर होतं, हे घरी येऊन नकाशात कळलं.

वाईकर मास्तर

ताई, बसून राहिलात हे उत्तम केलंत. मी निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर पहिल्याच हिवाळ्यात कमळगड एकट्यानं करायचा ठरवला. सकाळची एसटी, पाठीवर दोन लिटर पाणी, भाकरी, झुणका आणि हिनं बळेच घातलेली दोन संत्री. पायथ्यापासून वर दाट रान आहे, ऊन लागत नाही. फक्त रानात वाटा फुटतात आणि सगळ्याच रुळलेल्या दिसतात, कारण गुरांनाही चालायला वाट लागतेच. दोनदा चुकलो. गुरांच्या वाटेची खूण अशी की ती खांद्याएवढ्या उंचीवर फांद्यांनी बंद होत जाते. गाय खालून जाते, मास्तर अडकतो.

वर सपाटीवर धनगरांची घरं लागली. एक आजोबा कांबळं पसरून बसले होते. म्हणाले, "एकलंच आलाय व्हय? आन् काय झालं मंजे?" मी म्हटलं, काय होणार? ते म्हणाले, "व्हत न्हाई काय. पर कुणाला तरी ठावं असाया पायजे." मग त्यांनी मला नाव विचारलं, गाव विचारलं, किती वाजता उतरणार ते विचारलं. ताक दिलं. वर निघालो तेव्हा लक्षात आलं, की म्हाताऱ्यानं माझी हजेरी घेतली होती.

कमळगडाला दरवाजा नाही, बुरूज म्हणावेत असे नाहीत. आहे ती गेरूची विहीर. माथ्यावरची जमीन चिरून खोल भेग पाडावी तशी ती आहे, आत उतरायला अरुंद पायऱ्या, पन्नासेक. भिंती लाल, ओल्या; हात लावला की बोटं कुंकवात बुडवल्यासारखी. खालून गार वारा येतो, फ्रीजचं दार उघडल्यासारखा. मी दहा पायऱ्या उतरलो. अकराव्या पायरीवर शेवाळ होतं. तिथं उभा राहिलो आणि आजोबांनी विचारलेली वेळ आठवली. पाय घसरला तर आवाज वर पोचणार नाही, एवढाच हिशेब केला आणि वर आलो. कड्यावर बसून संत्री खाल्ली. एका अंगाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या अंगाला वाळकीचं आणि खाली धोमचं पाणी. उतरताना आजोबांना हात केला. त्यांनी नुसती मान हलवली.

विहिरीचा तळ नंतर पाहिला, नातवाबरोबर. तो आधी उतरला.

गोडोलीकर

आम्ही रोज पहाटे अजिंक्यतारा. एकटाच. मंगळाईला हात जोडायचे, खाली सातारा अजून दिव्यांत असतं ते बघायचं आणि दूध फुटायच्या आत घरी. माघारी एकदाच फिरलो, पाकीट घरी विसरलं म्हणून. हे चालतं का?

धागा काढणारी

चालतं. पण अजिंक्यताऱ्यावर पहाटे एकटं असता येतं हे मला पटत नाही. अर्धं गाव तिथं असतं.

कराडचा एक

वासोट्याचं सांगतो. तिथं एकट्यानं जायचं म्हटलं तर पहिली अडचण अशी की लाँच तुमच्या एकट्यासाठी सुटत नाही. म्हणजे सुटते, पण अख्ख्या लाँचचं भाडं तुमचं. बामणोलीच्या धक्क्यावर सकाळी दीड तास चहा पीत बसलो. शेवटी अकरा जणांच्या एका कंपूनं घेतलं. एकटा निघालो आणि बारावा झालो. शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, दीडेक तास पाण्यावर. मग मेट इंदवलीला वनखात्याची नोंद, मारुतीचं देऊळ आणि पुढे कोयना अभयारण्याचं जंगल. पावसाळ्यात बंद असतं आणि मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे तुमची "एका दिवसात" ही अट सरकारच पाळून घेतं.

गडावर बाबूकड्याच्या टोकाला तो कंपू फोटोत रमला, तेव्हा अर्धा तास मिळाला. तेवढाच माझा एकट्याचा ट्रेक. पुढे नागेश्वरच्या गुहेला जायचं मनात होतं, पण लाँच चुकली असती.

खरं सांगायचं ते परतीच्या पाण्यावरचं. माझ्या आजीचं माहेर या पाण्याखाली आहे. धरणात गाव गेलं, माणसं पांगली. आजी सांगायची, घरापुढे आंबा होता, ओढा होता. लाँचवाल्याला विचारलं, ते गाव नेमकं कुठं? त्यानं नाव ऐकलं होतं. हातानं एवढा मोठा तुकडा दाखवला पाण्याचा, की त्यात तीन गावं मावली असती. म्हणाला, "ह्याच्यात कुठंतरी."

मिरजेची

आमच्या सांगलीकडे गड शोधायला डोळे ताणावे लागतात. मी नर्स आहे. रात्रपाळी संपली की पुढचा दिवस माझा, आणि मला माणसं नको असतात. मग सागरेश्वर. आधी उघडाबोडका डोंगर होता, तिथं झाडं लावून अभयारण्य उभं केलं, वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी आयुष्य घातलं त्यात. सगळं मिळून अकरा चौरस किलोमीटरही नाही. चितळ दिसतात, सांबर दिसतं, नशीब असेल तर काळवीट. वरच्या टोकावरून कृष्णेचं खोरं दिसतं, ऊसच ऊस आणि मधे नदीची वळणं. डोंगर लहान आहे. रात्रपाळीनंतर एवढाच झेपतो.

मी माघारी कुठून फिरले? चहाच्या टपरीवरून. पहिल्या वेळी. "ताई, एकट्याच? मिस्टर नाहीत? गाडी मागून येतीय का?" टपरीवाला भला माणूस होता, काळजीनं विचारत होता. पण बाकड्यावरचे तिघं ते ऐकत होते, आणि तिघांनाही आता माहीत झालं की मी एकटी आहे. चहा संपवला, गाडी वळवली आणि घरी. वाटेत इतका राग आला की देवराष्ट्रेच्या फाट्यावर थांबून रडले.

आता मी टपरीवर "मागून येतायत सगळे" असं ठोकून देते. धनगर आजोबांना खरं सांगायचं आणि बाकड्यावर खोटं, हा फरक पुरुषांना कधी करावा लागत नाही. मास्तर, तुम्हाला टोमणा नाही.

फिरायचं कसं म्हणाल तर वाट सोडत नाही, पाण्याची बाटली हातात, कानात काही घालत नाही. पहिलं सांबर मला दिसण्याआधी ऐकू आलं होतं. वाळलेल्या पानांवर पाय टाकतं आणि मग थांबतं. तुम्हीही थांबता. कोण आधी हलतंय ते बघायचं.

वाईकर मास्तर

टोमणा असता तरी चालला असता. मला हे सुचलं नव्हतं.

कोरेगावकर

मी फजितीवाला. कल्याणगड, फेब्रुवारी, एकटा. घरी सांगितलं होतं "जरा जाऊन येतो". कुठं ते सांगितलं नव्हतं. गडावर पाण्याची गुहा आहे, आत अंधारात पार्श्वनाथांची मूर्ती. गुहेच्या तोंडाशी पँट दुमडून उभा राहिलो, पाण्यात पाय घातला. गार. वटवाघळांचा वास. मोबाईलचा टॉर्च लावला तर बॅटरी नऊ टक्के. तिथून माघारी. इथपर्यंत शहाणपण.

उतरताना शहाणपण संपलं. फेब्रुवारीतला मुरूम म्हणजे ज्वारीच्या दाण्यांवर चालणं. वाळलेलं गवत त्यावर पसरलेलं, खालचं काही दिसत नाही. डावा पाय गेला, घोट्यातून बारीक आवाज आला, काडी मोडावी तसा. पहिली पाच मिनिटं मी इकडेतिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. आपली जात अशी. मग कळलं की कुणी पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

टॉवेल घट्ट बांधला आणि बसून उतरायला सुरुवात केली. बूड टेकायचं, हात मागे, उजव्या पायानं रेटायचं. चाळीस मिनिटांची वाट अडीच तास पुरली. पँटचं काय झालं ते विचारू नका. खाली शेळ्या राखणारी दोन पोरं भेटली. त्यांनी आधी पोटभर हसून घेतलं आणि मग काठी दिली. हाडाला चीर, तीन आठवडे प्लास्टर. बायको बोलली नाही, तिनं फक्त फ्रीजवर एक वही लटकवली: कुठं, कुठल्या वाटेनं, किती वाजता परत. अजून तिथंच आहे. परवा पोरानं त्यात लिहिलंय, "क्रिकेट, गल्ली, सातला."

सध्या झुरिच, माहेर दहिवडी

वाचून राहवलं नाही. इकडे आल्प्समध्ये एकटं फिरणं हे कुणाला विचारावंसंही वाटत नाही. सत्तरीच्या बायका एकट्या काठ्या टेकत पुढे निघून जातात. फाट्याफाट्यावर पिवळ्या पाट्या, त्यावर अंतर नाही, वेळ लिहिलेली: अमुक तळं, 50 मिनिटं. आपल्याकडच्या "हे काय, इथंच" च्या बरोबर उलट. डोंगरी वाटेवर दगडांना पांढरा-लाल-पांढरा पट्टा. तो दिसेनासा झाला की तुम्ही चुकलात.

झेरमाटला गेले होते, जुलैच्या सुरुवातीला. बेत मोठा होता: ब्लाउहेर्डपर्यंत केबलकारनं आणि तिथून ओबररोटहॉर्न, 3414 मीटर. दोर-बीर लागत नाही, पायवाट आहे. शिखराआधी एक खिंड लागते, तीन हजार मीटरच्या आसपास. तिथं पोचले तर वाटेवर अजून बर्फाचा पट्टा आणि त्यावर आधीच्या माणसांच्या पावलांची घसरलेली खूण. माझ्या पायात साधे बूट. अकरा वाजले होते, समोरच्या ढगाचं बूड काळं पडत चाललं होतं. तिकडे दुपारनंतर गडगडाट ठरलेला, आणि धारेवर सगळ्यांत उंच वस्तू आपणच असतो. बचावपथकाचा नंबर 1414 फोनमध्ये होता. तो आहे म्हणून पुढे जावं की तो लागू नये म्हणून मागे फिरावं, यावर मी खिंडीत बसून एक सफरचंद संपवलं.

फिरले. खाली पाच तळ्यांची वाट आहे, नऊ-दहा किलोमीटरची, ती धरली. पहिल्या तळ्यात, श्टेलीझेमध्ये, मॅटरहॉर्नचं शिखर उलटं दिसतं म्हणून लोक पहाटे येऊन बसतात. मी गेले तेव्हा वारा होता, काही दिसलं नाही. पण पुढे मेंढ्या भेटल्या. पांढरी लोकर आणि काळंकुट्ट तोंड, गुडघेही काळे. माणदेशात वाढलेय मी, मेंढरांना बोलवायचा आवाज येतो मला. आजूबाजूला कुणी नाही बघून तो काढला. एकही फिरकली नाही. एकीनं मान वर करून बघितलं आणि परत खायला लागली.

दोनच्या सुमाराला पाऊस आला. मी तेव्हा खाली स्टेशनात होते.

गोडोलीकर

माणची मेंढरंसुद्धा अनोळखी माणसाकडे बघत नाहीत, मनाला लावून घेऊ नका.

वाईकर मास्तर

धागा काढणाऱ्या ताई, तळं मग राहिलंच का?

धागा काढणारी

मंगळवारी रजा टाकून परत गेले. आधी फ्रीजवर चिठ्ठी लावली (कोरेगावकर, आभार). टपरीवर "मागून येतायत" म्हटलं (मिरज, तुमचेही). वाट सोडली नाही, सीतेच्या आसवांकडे लांबूनच बघितलं. उशीर मात्र घरातूनच झाला, सिलिंडरवाला येणार होता.

तळ्यावर पावणेदोनला पोचले. पाण्यावर पांढरी फुलं, पाकळ्यांना झालर, मधे पिवळा ठिपका. कुमुदिनी सकाळी उमलते. निम्मी तोवर मिटली होती, उरलेली माझ्यादेखत मिटत होती. सासूबाईंना फोटो दाखवला. म्हणाल्या, "सकाळी जायचंस ना."